मोकाशींचा नववा निवारा

पावसाळ्याचे चार महिने डहाणूच्या आमच्या मोजणी कचेरीत दोनच कामं चालत. एक, दमट झालेली जुनी टिपणं शेगडीच्या उबेवर वाळवायची आणि दुसरं, मोकाशींची चेष्टा करायची. पहिलं काम आळीपाळीनं होई. दुसऱ्याला सगळे एकदम हजर असत, आणि त्यात मी पुढे असे. मी चिंचणीचा चुरी. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला पावसाला भिणारा माणूस दिसला की जीभ आवरत नाही.

अच्युतराव मोकाशी हे आमचे वरचे मोजणीदार. सहा फूट उंची, अंगावर मांस नावापुरतं, खाकी अर्धी विजार आणि तिच्याखाली बुटांपर्यंत पसरलेल्या लांबच लांब नडग्या. मूळचे माणदेशातले. त्यांच्या गावी पाऊस पाहुण्यासारखा यायचा. आला तर आला, नाही तर पुढच्या वर्षी. आमच्याकडे तो घरजावयासारखा येऊन बसतो आणि दसरा झाला तरी उठायचं नाव घेत नाही. बदली होऊन डहाणूला आले त्या वर्षीच मोकाशींनी या गोष्टीची धास्ती घेतली आणि त्यातून त्यांचं ते प्रसिद्ध खूळ जन्माला आलं. रानात अचानक अडकलेल्या एकट्या माणसाला जीव वाचवण्यापुरता, चिमुकला, घडीचा निवारा कोणता, याचा शोध त्यांनी सुरू केला. तो सात-आठ वर्षं चालला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. चहा पिताना, टिपण काढताना, कुणाच्या मयतालासुद्धा ते म्हणत, "माणूस उपाशी आठवडा काढतो, तहानेला दोन दिवस काढतो. उघड्यावर मात्र एका रात्रीत संपतो, चुरी!" हे सांगणारा माणूस जन्मात एकही रात्र उघड्यावर राहिलेला नव्हता. घरात निजतानाही खिडक्या लावून, कानाला मफलर गुंडाळून निजायचा. मोकाशीवहिनी एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "ह्यांना राहायला घर आहे, हे अजून कुणी सांगितलं नाही वाटतं." मोकाशींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते तेव्हा जमिनीवर बसून दोरीला गाठी मारत होते.

निवाऱ्याला त्यांच्या चार कसोट्या होत्या. वजन दोन शेरांच्या आत हवं. घडी सायकलच्या कॅरिअरवर मावली पाहिजे. उभारायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. आणि एकट्या माणसाला तो उभारता आला पाहिजे. पुढे शेर जाऊन किलो आले तेव्हा सगळ्या देशाचे भाजीवाले गोंधळले, पण मोकाशींइतका मनस्ताप कुणाला झाला नसेल. त्यांनी आठ दिवस खपून जुनी सगळी वजनं नव्यानं मांडली. प्रत्येक निवाऱ्याला क्रमांक असे आणि वहीत त्याच्यापुढे पास किंवा नापास असा शेरा, खाली कारण.

क्रमांक एक म्हणजे लष्कराच्या मोडीतून आलेल्या दोन रबरी चादरी. त्याची परीक्षा कचेरीच्या मागच्या अंगणात झाली. घड्याळ माझ्या हातात. मोकाशींनी एक काठी धरली, दुसरी धरायला शिपाई धर्माला बोलावलं, आणि दोरी ताणायला अखेर मलाही घड्याळासकट जावं लागलं. एकट्या माणसाचा निवारा तिघांनी मिळून चार मिनिटं पन्नास सेकंदांत उभा केला. मोकाशी आत शिरले, त्यांच्या नडग्या बाहेर राहिल्या, आणि अर्ध्या मिनिटानं काठी धर्माच्या खांद्यावर येऊन सगळं खाली बसलं. वहीत शेरा पडला, "पास." मी विचारलं, "साहेब, पडला की तो!" त्यावर चादरीखालून उत्तर आलं, "पाच मिनिटांच्या आत उभा राहिला. पडला तो नंतर. पडण्याची कसोटी वेगळी लावू."

पडण्याची कसोटी त्यांनी कधीच लावली नाही.

निवारे शिवायचं काम बाजारातल्या मगनभाई शिंप्याकडे असे. मगनभाई लग्नाचे कोट शिवणारा माणूस. मोकाशींना बघितलं की तो मशीनवरचं पाऊल काढून हात जोडी. चौथ्या निवाऱ्यासाठी मोकाशींनी तीन जुन्या छत्र्यांचं कापड काड्यांसकट त्याच्यापुढे टाकलं आणि एकात एक जोडायला सांगितलं. तयार झालेली वस्तू मगनभाईनं दुकानाच्या फळीवर उघडली. ती निम्मी उघडली आणि दाराच्या चौकटीत अडकली. आत मगनभाई, बाहेर आम्ही. "साहेब," तो आतून म्हणाला, "आ तो छत्रीनी मा छे! हिला पोटात घेईल असं घर बांधा पहिलं!" मोकाशींनी शांतपणे वही काढली आणि चौकटीची रुंदी टिपून घेतली.

सहाव्या निवाऱ्याची हकीकत चिखले गावातली. तो त्यांनी जुन्या शिडाच्या कापडाचा केला होता आणि वाऱ्यात किती टिकतो ते पाहायला आम्ही किनाऱ्यावर गेलो होतो. हिवाळा सरत आला होता. किनाऱ्यावर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत टाकलेले, पाच-सहा बाया कावळे हाकत बसलेल्या. मोकाशींनी जागा निवडली, वाऱ्याची दिशा बोटाला थुंकी लावून पाहिली, निवारा उभारला आणि आत जाऊन बसले. त्या दिवशी खरोखरच तो उभा राहिला, याची साक्ष मी देतो. एवढ्यात आभाळ भरलं आणि अवेळी पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. मोकाशींचा चेहरा फुलला. सात वर्षं ज्या प्रसंगाची वाट बघितली तो प्रसंग स्वतःच्या पायानं चालत आला होता.

पण बाया त्यांच्याआधी उठल्या होत्या. पुढे होती ती काशीबाय, कासोटा घट्ट मारलेली, आवाज चार होड्यांपलीकडे जाणारा. तिनं दोन हातांत मावतील तेवढे बोंबील ओढले आणि थेट निवाऱ्यात कोंबले, मोकाशींच्या मांडीवर. मागून दुसरी आली, तिसरी आली. मोकाशी म्हणाले, "अहो बाई, हा माणसांसाठी आहे!"

"तू भायेर हो रं दादा!" काशीबायनं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. "मानूस भिजला तं सुकतं. बोंबील भिजला तं गेला!"

साहेब पावसात उभे राहिले आणि बोंबील कोरडे राहिले. वीस मिनिटांनी ऊन पडलं, बायांनी माल परत दांड्यांवर टाकला आणि काशीबाय जाताना निवाऱ्याच्या कापडावर हात फिरवून म्हणाली, "झ्याक हाय. आनखी चार शिव." मोकाशींना मिळालेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी. त्या कापडाचा वास मात्र कशानंही गेला नाही. सायकलच्या कॅरिअरवर ते बांधून मोकाशी बाजारातून निघाले की डहाणूची मांजरं त्यांच्या मागे लागत. वहीत कारण पडलं, "नापास. स्थानिक लोक वेगळ्या कामासाठी वापरतात."

या सगळ्या गोष्टी मी वर्षानुवर्षं रंगवून सांगत आलो. चहाच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. मोकाशींना त्याचा पत्ता होता. ते कधी रागावले नाहीत. रागावायचे ते एकाच गोष्टीनं, मोजणीत कुणी ढिलाई केली तर. त्या बाबतीत माणूस लोखंडाचा होता. साखळी एक कडी सैल धरली तर सगळी रेघ परत मोजायला लावत. कचेरीत कुणी जमीनदाराचा माणूस नारळ-चिकू घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवत. आणि एक नियम ते धर्मवचनासारखा सांगत, "मोजणीच्या दिवशी जमिनीवर जे उभं आहे, ते नकाशात येतं. काल काय होतं आणि उद्या काय होईल, ते आपल्याला ठाऊक नाही." हा नियम सगळ्या तालुक्याला पाठ होता. ज्यांना तो सोयीचा होता, त्यांना तर जास्तच.

कुळांच्या चौकशा सुरू झाल्या त्या काळात मोकाशींना, मला आणि धर्माला तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर जावं लागलं. डोंगराच्या पायथ्याचा गवताळ तुकडा, कडेला एक लहानसं भाताचं शेत. मालक डहाणूत चिकूच्या वाडीत राहणारा. त्याचं म्हणणं, हा सगळा गवताचा माळ आहे, भात माझं आहे, इथे कूळबीळ कुणी नाही. वनशी नावाच्या वारली बाईचं म्हणणं, मी इथे राहते, माझ्या सासऱ्यापासून हे भात आम्हीच लावतो. निकाल वरून व्हायचा होता, पण सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. तुकड्यावर तिचं घर असेल तर ती कूळ, आणि जमीन तिच्याकडे राहणार. घर नसेल तर ती गवत कापायला आलेली मजूर, आणि भात कापून झालं की तिनं चालतं व्हायचं. घर आहे की नाही, हे आमच्या नकाशावरून ठरणार होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा मालकाचे दिवाणजी आधीच हजर होते. स्वच्छ धोतर, काळी छत्री, बोलण्यात साखर. "या साहेब, या. मोकळं रान आहे, मोजायला काही त्रास नाही." मग हसून म्हणाले, "तुमचा तो नियम मला पाठ आहे हो. जे उभं, ते नकाशात."

उभं काहीच नव्हतं. मातीचं एक जोतं होतं, त्यावर चुलीचे तीन दगड, कडेला कुडाच्या काठ्या उपटल्याची ताजी भोकं. आठवडाभरापूर्वी दिवाणजींची माणसं येऊन झोपडी मोडून गेली होती. काठ्या, कूड, पेंढा, सगळं बैलगाडीत भरून नेलं होतं. जोत्याच्या मधोमध पन्नाशीची एक बाई उकिडवी बसली होती. डोक्यापासून पाठीपर्यंत पळसाच्या पानांचं इरलं, आणि त्या इरल्याखाली तिच्यासोबत दोन कोंबड्या. ती वनशी. आठ दिवस ती तशीच बसून होती, उठली तर जोतंही जाईल या भीतीनं.

मोकाशींनी आधी इरलं बघितलं आणि मग बाई. ते खाली वाकले, म्हणाले, "बाई, हे जरा देता का?" आणि खिशातून ताणकाटा काढून त्यांनी तिथेच उघड्यावर तिच्या इरल्याचं वजन केलं. त्यांच्या सगळ्या निवाऱ्यांपेक्षा ते हलकं निघालं. घडीची गरज नाही, उभारायला वेळ नाही, माणूस एकटा पुरतो. मोकाशींच्या कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ त्यांनी ते उलटसुलट केलं आणि मग सुटका झाल्यासारखे म्हणाले, "यात आडवं होता येत नाही."

"पावसात कोन निजं, सायबा?" वनशी म्हणाली. "पावसात लावनी करायची."

वहीत शेरा पडला, "नापास." बाईचं घर मोडलेलं, तिचा सगळा संसार दोन कोंबड्यांवर आलेला, आणि हा गृहस्थ तिच्या इरल्याला नापास करत होता. त्या दिवशी मला मोकाशींची चीड आली, हे मी लपवत नाही.

मोजणी दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी हद्दी मोजायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांसमोर आतला तपशील टिपायचा. दुपारी दिवाणजी तलासरीला परतले आणि मोकाशींना आपलं खूळ आठवलं. त्यांनी सायकलवरून क्रमांक नऊ आणला होता. पॅराशूटचं कापड, घडी घातली की वीतभर, बांबूच्या चार जोडकाठ्या. सात-आठ वर्षांच्या शोधाचा हा शेवट, असं ते मला वाटेत तीनदा सांगून झाले होते. पायथ्याच्या त्या दलदलीत उंच, कोरडी जागा एकच होती, वनशीचं जोतं. मोकाशी तिथे गेले आणि म्हणाले, "बाई, जरा सरकता का?"

"माझ्या घरात तू आलास, आनि मला सरक सांगं?" वनशी बसल्या जागेवरून म्हणाली. मग त्या लांब माणसाकडे आणि त्याच्या हातातल्या वीतभर पुडक्याकडे तिनं नीट पाहिलं. तिला कीव आली असावी. "बांध. चुलीवर नको बांधूस."

पाच मिनिटांत क्रमांक नऊ उभा राहिला. पांढराशुभ्र, टुमदार. मोकाशी आत जाऊन बसले आणि चारच्या सुमारास परतीचा पाऊस आला. डोंगरावरून तो उतरताना दिसला आणि आम्ही काही बोलायच्या आत अंगावर होता. वाऱ्याला तोलून धरणारं कापड पाण्याला तोलत नाही, ही गोष्ट मगनभाईला कळली असती, धर्माला कळली असती. मोकाशींना ती पहिल्या सरीत कळली. पाणी कापडातून चाळणीसारखं गळत होतं, काठ्या वाकल्या होत्या आणि मोकाशी आत दोन्ही हातांनी छत वर धरून उभे होते. उभे म्हणजे कमरेत वाकून. त्यांना बाहेर यायला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वनशीनं इरल्याखालून हे थोडा वेळ बघितलं. मग "मरल ह्यो" म्हणत ती उठली. कोयता घेऊन तिनं ऐनाच्या फांद्या तोडल्या, कारवी तोडली. मला म्हणाली, "तू उभा काय? गवत आन!" मी आणि धर्मा मालकाच्या माळावरचं उभं गवत कापून भारे आणायला लागलो. तिनं जुन्या भोकांत काठ्या रोवल्या, मोकाशींच्या कापडावर फांद्या आडव्या टाकल्या, त्यावर गवत शेकारलं, बाजूला कारवी लावली. मोकाशींना तिनं खांब म्हणून वापरलं. "हात वर ठेव. आथा सोड." तासाभरात गळणं थांबलं. चुलीचे दगड होते तिथेच होते. तिनं कुठून तरी कोरडा पाला काढून जाळ केला आणि कोंबड्या आत घेतल्या. आम्ही तिच्याकडे कोरा चहा प्यायलो. क्रमांक नऊ आमच्या डोक्यावर धुरानं काळा होत होता. अंधार पडायच्या आत आम्ही तलासरीच्या चावडीकडे निघालो. कापड गवताखाली अडकलं होतं. ते सकाळी काढू, असं ठरलं.

सकाळी नऊला दिवाणजी दोन पंच घेऊन आले. जोत्यावरचं ते काळपट, गवताळ प्रकरण बघून त्यांच्या छत्रीचं टोक जमिनीत रुतलं.

"हे काय?"

"आमचा तंबू आहे," मोकाशी म्हणाले. "काल पाऊस आला. काढतोच आहे." आणि खरोखरच त्यांनी जाऊन काठीला हात घातला. वनशी चुलीपाशी बसली होती. तिनं दोन्ही कोंबड्या जवळ ओढल्या, आणि मला वाटलं, संपलं.

इतक्यात दिवाणजींना हसू आवरेना. "काढा, काढा साहेब! नाही तर उद्या कुणी या फडक्यालाही घर म्हणेल. अहो, यात कुत्रं राहणार नाही!"

मोकाशींचा हात काठीवर थांबला. "काय म्हणालात?"

"म्हटलं, याला निवारा कोण म्हणेल?"

मोकाशींनी काठी सोडली. वही काढली, पेन काढलं. "चुरी, साखळी." आम्ही मोजलं. नऊ फूट बाय सात. त्यांनी जोत्यावर चौकोन काढला आणि आत आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, "राहती झोपडी, एक. चूल पेटती."

"साहेब, पण कापड तुमचं आहे!"

"टिपणात कापड कुणाचं, याला रकाना नाही."

"काल हे नव्हतं!"

"काल काय होतं ते आम्ही विचारत नाही. तुम्हाला नियम पाठ आहे ना?"

दिवाणजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पंचांनी अंगठे उठवले. मग मोकाशींनी टिपण माझ्यापुढे केलं, साहाय्यकाच्या सहीसाठी. मी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या मालकाच्या वाडीला लागून माझ्या सासऱ्याची वाडी होती, पाण्याचा पाट एकच. मी म्हणालो, "हात ओला आहे साहेब. कागद खराब होईल. कचेरीत करतो." पाऊस कधीच थांबला होता. ती सही मी पुढे कधीच केली नाही.

डहाणूत मी ही गोष्ट सांगितली ती अशी, की मोकाशींच्या तंबूला कुत्र्याचं घर म्हटलं म्हणून एका वारलिणीला जमीन मिळाली! लोक पोट धरून हसत. अहंकारी माणसाचा अहंकार एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडला, असं मी वर म्हणे. मला ते पटलेलंही होतं.

मालकानं वर तक्रार केली. आम्हा दोघांना ठाण्याला, जिल्ह्याच्या कचेरीत, बोलावलं. तिथल्या साहेबांनी मोकाशींना बाहेर पडायची वाट अगदी रुंद करून दिली. "मोकाशी, नजरचुकीनं आपलाच तंबू टिपणात आला, एवढं लिहून द्या. प्रकरण मिटेल."

"नजरचूक नाही साहेब. निवारा होता. बाई आत राहत होती, चूल पेटलेली होती."

"तो चांगला निवारा होता, असं तुमचं म्हणणं आहे?"

"उत्तम होता," मोकाशी छाती काढून म्हणाले, आणि साहेबांच्या मागे उभा असलेला कारकून हसला. मलाही हसू आलं.

मग साहेब माझ्याकडे वळले. "तुमची सही का नाही? तुम्ही काय पाहिलंत?"

"मी साखळी धरली होती, साहेब," मी म्हणालो. "माझं लक्ष बांधाच्या दगडाकडे होतं."

परतताना वाटेत मोकाशी माझ्याशी नेहमीसारखंच बोलले. त्यांनी मला भजी घेऊन दिली. ती मी पुडीत तशीच घरी आणली.

नोंद मात्र टिकली. नकाशात नसलेली झोपडी बैलगाडीत घालून नेता येते. नकाशातली मोडली तर गुन्हा होतो. दिवाणजी त्या तुकड्याकडे परत फिरकले नाहीत. भात वनशीनं कापलं, पुढच्या वर्षी पुन्हा लावलं, आणि जमीन तिच्या नावावर झाली. मोकाशींची बढती थांबली आणि दोन वर्षांनी बदलीचा हुकूम आला, पाऊस पडत नाही अशा मुलखात. आम्ही त्यावरही विनोद केले.

जाण्याच्या दिवशी, बिऱ्हाड पुढे रवाना झाल्यावर, ते मला म्हणाले, "वाटेत तलासरीला जाऊ, मी तिथूनच पुढची एस.टी. धरीन. साखळी घ्या." आषाढाचे दिवस होते, रिमझिम चालू होती. वनशीच्या जोत्यावर आता खरं घर होतं. कारवीचा कूड, शेणानं सारवलेला, वर जाड पेंढा. मोकाशींनी ते चहूबाजूंनी मोजलं. मोजणीचा हुकूम नव्हता, ते त्या तालुक्याचे मोजणीदारही आता उरले नव्हते. आपल्या खासगी वहीत त्यांनी आकृती काढली, "घर, एक" असं लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. मी झटकन पेन घेतलं आणि ठळक, पूर्ण सही केली.

"आज हात कोरडा दिसतो," मोकाशी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी माझी केलेली ती एकच चेष्टा. 

वनशी आतून एक काळंकुट्ट पुडकं घेऊन आली. क्रमांक नऊचं कापड. धुरानं रंग गेलेला, दोन ठिकाणी ठिगळ. "घे तुझं," ती म्हणाली. "आथा घराला नाय लागं."

मोकाशींनी ते हातात घेतलं, उलगडून बघितलं, आणि परत तिच्या हातात दिलं.

"ठेव. कोंबड्यांवर टाक. माणसाला हे कामाचं नाही, वनशी. पहिल्याच सरीत कळलं होतं मला."

मी साखळी गोळा करत होतो. माझे हात तिथेच थांबले. ठाण्याला ज्या माणसानं साहेबांसमोर छाती काढून "उत्तम होता" म्हटलं आणि सगळ्यांना स्वतःवर हसू दिलं, त्याच्यावर मी दोन वर्षं गावभर हसत होतो. मला काहीतरी बोलायचं होतं. पण सडकेवर एस.टी.चा हॉर्न वाजला आणि मोकाशी लांब ढांगा टाकत, डोक्यावर काही न घेता, पावसातून निघाले. मी साखळी सावरत मागे धावलो. सडकेला पोहोचलो तोवर ते चढून खिडकीशी बसले होते, समोरच्या रस्त्याकडे बघत. मी हात जोडले, तेव्हा गाडी सुटलेली होती.